जुना ट्रॅक्टर भंगारात घालण्याआधी

अकलूजहून तुमची गटाची ताई बोलतेय. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे गडीमाणसांचं काम, आपला काय संबंध? विषय आहे जुन्या ट्रॅक्टरचा. ते जपणारं मंडळ कसं चालवायचं आणि वर्षातून एकदा त्यांचं प्रदर्शन कसं भरवायचं, हे मी सांगणार आहे. शेवटपर्यंत ऐका, आणि संबंध आहे की नाही ते मग तुम्हीच ठरवा.

आपल्या माळशिरस तालुक्यात अनेक वस्त्यांवर गोठ्यामागं एखादा जुना ट्रॅक्टर उभा असतो. टायर बसलेले, सीटवर कोंबडी अंडी घालते. भंगारवाला आला की वजनावर भाव होतो आणि दुपारपर्यंत ट्रॅक्टर जातो. पैसे येतात, महिन्याभरात संपतात. पण घरात पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा काय काय बदललं, ती आठवणही त्याच्याबरोबर जाते.

परदेशात अशा जुन्या यंत्रांची मंडळं आहेत. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात माउंट प्लेझंट नावाचं शेतकरी गाव आहे. तिथं 1950 पासून जुन्या मळणीयंत्रांचा, वाफेच्या इंजिनांचा आणि ट्रॅक्टरचा मेळा भरतो. यंत्रं नुसती मांडून ठेवत नाहीत. ती चालू करतात, मळणी करून दाखवतात. आजोबा चालवतो आणि नातू बघतो. आपल्या शेजारी गोव्यात, बाणावलीला, व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी लोकांनी टाकून दिलेली शेतीची हजारो अवजारं गोळा केली आणि 2009 मध्ये 'गोवा चित्र' हे संग्रहालय उघडलं. नांगर, घाणे, मापं, सगळं तिथं आहे. लोकांना जे भंगार वाटलं, ते आज बघायला लोक तिकीट काढतात.

आपल्याकडं अशी हौस नाही असं नाही. पश्चिम महाराष्ट्रात गावच्या यात्रेत ट्रॉली जोडून ट्रॅक्टर मागं घेण्याच्या स्पर्धा लागतात, त्याला किती गर्दी होते! अकलूजनं घोडेबाजार भरवला, लावणीच्या स्पर्धा भरवल्या. मंडप, पाणी, पार्किंग, पाहुण्यांचं जेवण हे सगळं या गावाला येतं. फक्त जुन्या ट्रॅक्टरकडं कुणी त्या नजरेनं बघितलेलं नाही.

आता आपल्या भागाची गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमिनीत विष उतरतं म्हणून लोक तो घेईनात. दोन वर्षं नांगर पडून राहिले. पुढं तोच नांगर घरोघरी गेला. 1932 साली सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी आपल्या शेजारी माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा करायला घेतला. नीरेच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला. काळ्या रानाची खोल नांगरट करायची तर तीन-चार बैलजोड्या लागायच्या. त्या बैलांचा चारा, पाणी, शेण कुणाच्या अंगावर होतं? आपल्या आज्या-सासवांच्या.

मग ट्रॅक्टर आले. आधी परदेशातून. 1959 मध्ये फरीदाबादला जर्मन तंत्रावर आयशर तयार झाला, तो आपल्या देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर. 1963 मध्ये महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली. म्हणून जुनी माणसं अजून नुसतं 'इंटरनॅशनल' म्हणतात. 1971 मध्ये एचएमटीनं हरियाणात पिंजोरला झेटरच्या तंत्रावर पंचवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर काढला. 1974 मध्ये पंजाबचा स्वराज आला, तो आपल्याच देशातल्या संशोधकांनी बेतलेला. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय सरकारनं 2016 मध्ये घेतला. तो ट्रॅक्टर आता नवा मिळणार नाही. ज्याच्या दारात चालू एचएमटी आहे, त्यानं तो भंगारात घालताना एवढं लक्षात घ्यावं.

एक गोष्ट मुलींना जरूर दाखवा. कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागं अवजार जोडायचे तीन दांडे असतात. ही पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची. त्याआधी नांगर मागून नुसता ओढायचे. फाळ दगडात अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलायचा आणि चालवणाऱ्यावर उलटायचा. या तीन दांड्यांनी तो धोका पुष्कळ कमी केला. त्याचा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर 1946 पासून इंग्लंडात निघाला आणि पाच लाखांच्या वर बनला. आजच्या नव्या कोऱ्या ट्रॅक्टरलाही तेच तीन दांडे आहेत.

आणि बायकांचा संबंध विचाराल, तर दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातले पुरुष लढाईवर गेले तेव्हा 80 हजारांवर बायका शेतीच्या फौजेत होत्या. त्यातल्या कित्येकींनी ट्रॅक्टर चालवले, नांगरट केली. आपल्याकडं बाई स्टेअरिंगवर कमी दिसते, पण ट्रॅक्टर घरात यायला तिचा हात असतोच. कुणी पाटल्या गहाण ठेवल्या, कुणी दुधाच्या पैशातून हप्ता भरला, कुणी रात्रपाळीच्या नांगरटीला भाकरी आणि कंदील घेऊन गेली. आरसी बुकावर तिचं नाव नसतं, सातबाऱ्यावरही बहुतेक नसतं. म्हणून माझं म्हणणं आहे की प्रदर्शनात प्रत्येक ट्रॅक्टरपुढं एक पाटी असावी. त्यावर मेक, साल, हॉर्सपॉवर लिहावं, आणि खाली लिहावं : पैसे कसे उभे केले, कुणी किती भार उचलला. ही माहिती सासूबाईंना, आत्याबाईंना विचारून आत्ताच लिहून घ्या. त्या आहेत तोवर मिळेल.

आता मंडळ कसं चालवायचं? मैत्रिणींनो, हे आपल्याला शिकवायला नको. हौशी मंडळं दुसऱ्या वर्षी मोडतात ती यंत्रामुळं नाही, हिशेबामुळं. वर्गणी कुणी दिली, कुणी नाही, मंडपाचे पैसे कुणी खिशातून घातले, यावरून बोलाचाली होते. बचत गटाची शिस्त इथं जशीच्या तशी लावा. महिन्याला एक बैठक, हजेरी, ठराव वहीत, सह्या. बँकेत मंडळाच्या नावानं खातं आणि दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत. समजा बारा घरं आली आणि महिन्याला शंभर रुपये काढले, तर वर्षाचे 14,400 रुपये होतात. तेवढ्यात बसेल तेवढंच प्रदर्शन पहिल्या वर्षी करा. देणगी घेतली तर पावती फाडा. अध्यक्ष दरवर्षी बदला. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर नाही त्यांनाही सभासद करा, आठवण तर त्यांच्याकडंही आहे.

दिवस कुठला? आषाढात तुकोबांची पालखी येते, अकलूजला रिंगण होतं, तेव्हा कुणाला सवड नसते. कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टर उसात अडकतात. खंडेनवमी उत्तम. त्या दिवशी ट्रॅक्टर तसाही धुतला जातो, झेंडूचा हार घालून पूजला जातो. तो मैदानात आणायचा एवढंच. आपल्या गटांना चटणी, पापड, शेंगदाण्याच्या पोळीचे स्टॉल लावायला जागा मिळते, गाळ्याचं भाडं मंडळाला मिळतं. बक्षीस ठेवाल तर चकचकीत रंगाला ठेवू नका. जो ट्रॅक्टर मूळ भागांसह चालतो आणि ज्याची गोष्ट नीट लिहिली आहे, त्याला द्या. जुन्या पत्र्यावरचं कंपनीचं नाव आणि नंबरची पट्टी रंगाखाली झाकू नका, साल त्यावरूनच कळतं.

कागदपत्रं बघा. 2021 मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. पण ते दुचाकी आणि प्रवासी चारचाकीला आहेत, ट्रॅक्टरला नाहीत. म्हणून रस्त्यावरून आणायचा तर नोंदणी आणि विमा चालू हवा. अकलूजलाच आरटीओ कचेरी आहे, एमएच-45 तिचाच नंबर, तिथं जाऊन विचारा. नोंदणी संपली असेल तर ट्रॅक्टर दुसऱ्या वाहनावर चढवून आणा. मैदानासाठी नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची आणि पोलिसांची परवानगी घ्या.

आता शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या ट्रॅक्टरवर अपघात होतात. मागचा पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, ओढणी किंवा वेणी त्यात गेली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरवरचं त्याचं झाकण केव्हाच गेलेलं असतं. म्हणून नियम करा : झाकण नाही तर पीटीओ चालू करायचा नाही. चालू यंत्रापासून दोर लांब बांधायचा, आणि जवळ जाणारीनं पदर खोचायचा. मडगार्डवर पोरं बसवायची नाहीत. हँडल मारून चालू होणारं इंजिन असेल तर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं, ते जाणत्या मिस्त्रीनंच मारावं. उभ्या ट्रॅक्टरच्या चाकांना दगड लावायचे आणि अवजार जमिनीला टेकवून ठेवायचं. ही यादी लाउडस्पीकरवरून तासातासाला वाचायची. हे काम बाईनंच करावं. वर्षभर पीटीओवरच्या मळणीयंत्राशी, कडबाकुट्टीशी आपणच उभ्या असतो. प्रदर्शनात शिकलेला नियम घरी उपयोगी पडेल, एखादा जीव वाचेल.

तर या आठवड्यात दोनच कामं करा. गटाच्या बैठकीत विचारा, कुणाच्या दारात जुना ट्रॅक्टर उभा आहे, आणि वहीत यादी करा. आणि भंगारवाल्याला घरातल्यांनी शब्द दिला असेल, तर म्हणा, खंडेनवमीपर्यंत थांबा. तोवर आपण त्याची गोष्ट लिहून घेऊ. मग विकायचा की नाही, ते घरातली सगळी मिळून ठरवतील, बायका धरून.

रामकृष्ण हरी.