सळई उरल्याची, छप्पर कुणाचे?

(उरला, रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त सभेत संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण)



आजची सभा रेल्वे कॉलनीत न घेता उरल्यात घेतली, याला कारण आहे. रायपुरात जमिनीचे भाव, नव्या इमारती, नवे रस्ते यांच्या गप्पा आपण ड्यूटीवर रोज करतो. पण त्या इमारतींच्या पोटातली सळई जिथे तयार होते, ती जागा आपण फक्त मालगाडीतून पाहतो.

खनिज लोखंड आणि कोळसा आपलेच भाऊ रेक भरून आणतात. भट्टीत त्याचे स्पंज आयर्न होते, ते वितळवून बिलेट होते आणि रोलिंग मिलमधून सळई, अँगल, चॅनल बाहेर पडते. बांधकाम जोरात असले की उरला आणि सिलतऱ्याच्या भट्ट्या पेटत्या राहतात. बांधकाम मंदावले की इथल्या ठेक्याच्या मजुराला सगळ्यात आधी घरी बसवतात, आणि आपल्या मालगाड्याही कमी होतात. म्हणून बांधकामाचा प्रश्न हा बिल्डर आणि गिऱ्हाईक या दोघांपुरता नाही. तो आपल्याही भाकरीचा प्रश्न आहे.

विकासाला आपला विरोध नाही. 1956 पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूरला होती. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर स्वतःच राजधानी झाले. 2012 मध्ये मंत्रालय नव्या रायपुरात गेले. ऑगस्ट 2023 मध्ये देशातल्या 508 स्टेशनांच्या नूतनीकरणाची कोनशिला बसली, त्यांत आपले रायपूर आहे. स्टेशन चांगले व्हावे, प्रवाशाला सोय मिळावी, हे आपल्यालाही हवे आहे. आपला प्रश्न एवढाच, की या सगळ्यात जमीन कुणाची जाते आणि घर कुणाला मिळते?

धमतरीची छोटी लाईन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. 2017 मध्ये ती शहरातून उठली आणि त्या पट्ट्यावर एक्सप्रेस रस्ता झाला. मोठी लाईन नव्या रायपुरावरून घेतली, आणि मार्च 2025 मध्ये अभनपूरपर्यंत गाडी सुरू झाली. गाडी आली, ही चांगली गोष्ट आहे. पण शहराच्या मध्यावरची रेल्वेची जागा एकदा गेली की परत येत नाही, हे ध्यानात ठेवा. रेल्वेच्या जमिनींचा व्यापारी विकास करण्यासाठी 2006 पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे. उद्या जुन्या क्वार्टरांच्या जागी व्यापारी संकुल उभे करायचे म्हणतील, तेव्हा आधी नवे क्वार्टर आणि मगच जुन्यांना हात, ही आपली अट राहील.

गिरणगावाचा धडा आपल्यासमोर आहे. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. 1991 च्या नियमात जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी, एक भाग घरांसाठी आणि एक भाग मालकासाठी, अशी वाटणी होती. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. कामगार मोर्चे काढत राहिला आणि नियमातली दोन वाक्ये बदलून जमीन निघून गेली. म्हणून कागद वाचायला शिका.

आता कामाचे सांगतो. घर घेणाऱ्यासाठी 2016 चा रेरा कायदा आहे. घर बांधणाऱ्यासाठी 1996 चे कायदे होते. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर आणि त्यातून मजुरांचे कल्याण, अशी ती व्यवस्था. नोव्हेंबर 2025 पासून ते कायदे नव्या कामगार संहितांत गेले. संहितांवरचा आपला आक्षेप कायम आहे, पण उपकर त्यांतही आहे. सरकारी कामाच्या बिलातूनही तो कापला जातो. मात्र लाभ मिळतो तो नोंदणी असलेल्यालाच. वय 18 ते 60 आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामाचे काम, ही नोंदणीची अट. विटा वाहणारी बाई तीन साइटवर तीन मुकादमांकडे राबते. तिचे 90 दिवस कोण लिहून देणार? पैसा जमा होतो आणि तिचे नाव वहीत नसते.

इथे आपण उपयोगी पडू शकतो. रेल्वेच्या कामावर, आपल्या डोळ्यांसमोर ठेक्याचे मजूर आहेत. त्यांची यादी आणि हजेरी आपण ठेवू. टपालाचे साथी वस्तीत जाऊन त्यांची खाती उघडून देतील, पोस्टमनला ती दारे माहीत आहेत. रोलिंग मिलचा मजूर या नोंदणीत येत नाही. त्याच्यासाठी भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयची मागणी वेगळी लावावी लागेल.

शेवटचे एक. ठेक्याच्या मजुराला कायम करा, जगण्यापुरती मजुरी द्या, एवढेच भिलाई, कुम्हारी, उरल्याचे कामगार मागत होते. 28 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची भिलाईत गोळी घालून हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी भिलाई पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि पंधराहून अधिक जीव गेले. ते रूळ आपले होते. त्यावरून आपण आजही गाड्या नेतो.

तेव्हा ठराव असा: एक, क्वार्टर दिल्याशिवाय क्वार्टर पाडू देणार नाही. दोन, प्रत्येक शाखा आपल्या हद्दीतल्या बांधकाम मजुरांची नोंदणी करील. तीन, शाखांनी पुढच्या सभेत नावांची वही घेऊन यावे, नुसते भाषण नको.

मान्य असेल तर हात वर करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!