निर्णय तिचा, सोबत आपली
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मला स्तनाचा कर्करोग झाला होता. माझा डावा स्तन काढलेला आहे. हे मोठ्यानं सांगते, कारण केळापूर-झरीकडच्या पोडांवर बायका गाठ लपवतात. मरणाइतकीच भीती त्यांना 'छाती कापतील' याची वाटते.

पहिली गोष्ट, दर वेळी पूर्ण स्तन काढावाच लागतो असं नाही. गाठ लहान असेल तर पुष्कळदा तेवढीच काढून नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, देतात. अमेरिकेतल्या डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १,८५१ स्त्रियांचा २० वर्षांचा अभ्यास २००२ मध्ये मांडला. पूर्ण स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढलेल्या स्त्रियांच्या आयुष्यात फरक पडला नाही. मात्र त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण शेक घेतलेल्यांत १४ टक्के होतं, न घेतलेल्यांत ३९ टक्के. म्हणजे स्तन राखायचा तर शेक टाळून चालत नाही. त्यासाठी काही आठवडे जवळजवळ रोज जावं लागतं. पोडावरून रोज सेवाग्राम किंवा नागपूर कसं गाठायचं? पुष्कळ बायकांचा निर्णय इथंच ठरतो.

दुसरी गोष्ट, काढलेल्या जागी नवा स्तन घडवता येतो. सिलिकॉनची पिशवी बसवतात किंवा आपल्याच पोटाचं, पाठीचं मांस वापरतात. हे त्याच वेळी होतं, नाहीतर पुढे काही वर्षांनीही होतं. पहिल्यासारखी संवेदना मात्र सहसा येत नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, "कापूस वेचायला, पाणी भरायला कधी जाता येईल?" पाठीचं मांस घेतलं तर जखमा दोन, हे कळल्यावर मी नको म्हटलं. ब्लाउजला आतून खिसा शिवून त्यात कापसाची गादी ठेवते. माझ्याबरोबरच्या एका तरुण मुलीनं मात्र स्तन घडवून घ्यायचं ठरवलं. लोक म्हणाले, "हिची हौस बघा!" ती हौस नव्हती. आरशासमोर उभं राहायचं बळ तिला हवं होतं. आम्ही दोघींनी आपापल्या जागी बरोबर केलं.

एका दवाखान्यात मला म्हणाले, "घरधन्याला बोलवा, सही त्यांची लागेल." सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरते. घरच्यांचा सल्ला जरूर घ्यावा, पण शरीर तिचं आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि शेक होतात. नवा स्तन घडवण्याचा खर्च त्यात बसतो का, हे योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

पैशाची मदत तुम्ही करताच. आता आणखी एक मागते. शेकाचे ते आठवडे तिच्यासोबत शहरात राहणारी एक बाई द्या. डॉक्टरांचं बोलणं कोलामीत समजावणारं कुणी द्या. मागे घरी लेकरांना भाकरी करून घालणारे दोन हात द्या. एवढं मिळालं तर ती अंतर आणि भीती पाहून नव्हे, स्वतःच्या मनानं ठरवू शकेल.

प्रभू तुम्हांला आशीर्वादित करो.