फ्लॅशचा हिशेब आणि आपली मंगलकार्ये

(मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छायाचित्रणावर बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा मी विषय मुद्दामच लहान निवडला. आपल्या मंगलकार्यांत फ्लॅशने घेतलेली चित्रे कधी काळवंडलेली, तर कधी पांढरीफटक का निघतात, एवढेच मला सांगावयाचे आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु आपण कलकत्त्यास राहणारी माणसे. कोकणातील वा वऱ्हाडातील ज्या आजीला लग्नास येणे झाले नाही, तिने नातसून प्रथम पाहिली ती टपालाने आलेल्या छायाचित्रात. सुनेच्या वर्णाविषयी गावाकडे जी मते झाली, त्यांतील कित्येक फ्लॅशच्या कृपेने झाली असावीत!

प्रकाशाचा नियम कठोर आहे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो. म्हणून फ्लॅशला एक मार्गदर्शक अंक दिलेला असतो. तो २० असेल, तर १०० आयएसओच्या फिल्मवर ५ मीटरवरील माणसासाठी भिंगाचे छिद्र ४ वर ठेवावयाचे आणि अडीच मीटरवरील माणसासाठी ८ वर. भागाकार सोपा आहे. पण मंगलाष्टकांच्या गर्दीत तो करणार कोण?

स्वयंचलित फ्लॅशने हे काम आपल्याकडे घेतले. त्याच्या दर्शनी बाजूस एक लहानसा प्रकाशसंवेदी डोळा असतो. दिवा पेटतो, प्रकाश माणसावर आदळून परत येतो, डोळा त्याची बेरीज करीत राहतो आणि पुरेसा जमा झाला की दिवा बंद करतो. पूर्ण झोत साधारण एक हजारांश सेकंदाचा. माणूस जवळ असेल तर त्याच्या कितीतरी लहान अंशात काम आटोपते. एवढ्यात प्रकाश जाऊन परत कसा येतो, अशी शंका कोणास येईल. ५ मीटर जाऊन येण्यास त्याला सेकंदाचा सुमारे तीन कोटीवा भाग पुरतो. डोळ्याला वेळच वेळ असतो. पुढे थायरिस्टर आला आणि उरलेला विद्युत्भार वाया न जाता साठून राहू लागला. जवळची चित्रे झटपट, एकामागून एक घेता येऊ लागली ती यामुळे.

मात्र या डोळ्याला रंगरूप कळत नाही. समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरून तो चालतो. येथेच आपला अंतरपाट आडवा येतो. वधूच्या बाजूने चित्र घेतले, तर तिच्यामागे पांढरे वस्त्र पसरलेले असते. ते भरपूर प्रकाश परत फेकते, डोळ्याला वाटते काम झाले, दिवा लवकर विझतो आणि मुलीचा चेहरा काळवंडतो. बंगाली लग्नात शुभदृष्टीच्या वेळी विड्याची पाने बाजूस सारणारी वधू गडद लाल बनारसीत असते, मागे मांडवाचा अंधार. तेथे परत येणारा प्रकाश थोडा. म्हणून दिवा अधिक वेळ जळतो आणि चेहरा पिठासारखा दिसतो. ज्या छायाचित्रकाराचा हात एका रिवाजावर बसला आहे, त्याला दुसऱ्या रिवाजाची पूर्वसूचना द्यावी. त्यात संकोच कसला? अंतरपाट एकदाच दूर होतो.

उपाय सोपा आहे. डोळा फ्लॅशवर असेल, तर फ्लॅशने ५.६ सांगितले असता पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी छिद्र ४ वर उघडावे, काळोखासाठी ८ वर आणावे. पण मोजणी भिंगातून होत असेल, तर ही युक्ती चालत नाही. छिद्र बदलले की यंत्र आपला हिशेबही बदलते. तेथे अधिक-उणेची कळच फिरवावी. भिंगातून आत आलेला, फिल्मवरून परावर्तित झालेला फ्लॅशचा प्रकाश चित्र उमटत असतानाच मोजण्याची सोय १९७५ साली ऑलिम्पसच्या ओएम-टू कॅमेऱ्याने आणली. डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदक फिल्मसारखा प्रकाश परत देत नाही. म्हणून तेथे आधी एक क्षीण झोत सोडून अंदाज घेतात आणि मग खरा झोत सोडतात. आजोबा प्रत्येक चित्रात डोळे मिटलेले दिसतात, त्यास पुष्कळदा हा पहिला झोत कारण असतो. मोबाइलमधील इवलासा दिवा तर चारदोन हातांपलीकडे फारसा उपयोगी नाही. बालनाट्याच्या वेळी दहाव्या रांगेतून तो लावणाऱ्यांनी पुढच्यांच्या टकलांखेरीज काय उजळले, ते त्यांनीच पाहावे.

हिशेब अचूक झाला तरी समोरून आलेला प्रकाश चेहरा सपाट करतो. त्यावरील उपाय आपल्या याच शहराने जगाला दाखविला आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून दिव्यांचा प्रकाश त्यावरून परतविला आणि अंगणात आकाशाचा मवाळ उजेड उतरला. फ्लॅशचे डोके छताकडे वळविणे ही त्याचीच घरगुती आवृत्ती. डोके वर वळले तरी डोळा समोरच पाहत राहिला पाहिजे. फ्लॅश घेताना एवढे पाहून घ्यावे. भवानीपूरकडील जुन्या घरांची छते मात्र फार उंच आणि काळपट तुळयांची. तेथे प्रकाश वाटेतच संपतो. अशा वेळी भिंतीकडे वळावे, आणि भिंत हिरवी असेल तर घरातील धुतलेली पांढरी चादर दोघांना धरावयास सांगावी.