दोघांची गोष्ट



दूरचित्रवाणीवरील प्रेमकथा हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्या शहरात ‘टी. व्ही. सेंटर’ या नावाने एक सबंध भाग ओळखला जातो, तेथे तरी या विषयाला मज्जाव नसावा! घरातील मुलामुलींच्या डोळ्यांपुढे जे रोज रात्री घडते, त्याचा विचार वडीलधाऱ्यांनी केलाच पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रेमकथेत माणसे दोन असतात. गोष्ट मात्र बहुधा एकाचीच सांगितली जाते. नायक नायिकेच्या पाठीपाठी फिरतो, तिच्या घरासमोर उभा राहतो, ती ‘नाही’ म्हणते तरी हटत नाही. कॅमेरा त्याच्या बाजूला असला की हे सारे निष्ठेसारखे दिसते. तोच कॅमेरा पलीकडे नेऊन ठेवा. शिकवणी आटोपून अंधारात एकटी परतणारी मुलगी, आणि मागून सावकाश येणारी मोटारसायकल! प्रेम कोठे संपले आणि छळ कोठे सुरू झाला, हे तिच्या बाजूने पाहिल्यावाचून कळत नाही.

मग दोघांना निम्मानिम्मा वेळ वाटून दिला म्हणजे झाले काय? तसे नव्हे. आपल्याच गावात उभ्या राहिलेल्या ‘जिगीषा’तून पुढे आलेल्या प्रशांत दळवी व चंद्रकांत कुलकर्णी यांचे ‘चारचौघी’ (१९९१) आठवा. विद्या दूरध्वनीवर नवऱ्याशी बोलते. त्याचा एक शब्दही आपल्या कानी पडत नाही. तरी तिच्या थांबण्यावरून, चढत्या आवाजावरून, तो काय म्हणाला असेल हे आपण ओळखतो. रंगमंचावर नसलेल्या माणसाचेही बोलणे लेखकाने मनाशी पुरते लिहिलेले असले पाहिजे.

२०२२ साली हे नाटक पुन्हा आले तेव्हा विद्या झाल्या मुक्ता बर्वे. दहा वर्षांपूर्वी त्याच ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ या मालिकेत राधा होत्या आणि स्वप्नील जोशी घना. घनाला अमेरिकेची ओढ, राधेला वडिलांना एकटे सोडवत नाही. म्हणून दोघे नावापुरते लग्न करतात. दोघांचीही कारणे आपल्याला पटतात. करार दोघांनी मिळून केलेला, तेव्हा पुढे मन गुंतल्याची कबुली देणे दोघांनाही सारखेच अवघड! दिग्दर्शक सतीश राजवाडे यांनी हा तोल बराच सांभाळला.

एरवी पंचाईत होते ती लग्नानंतर. रोज वीस-बावीस मिनिटे भरायची असतात. सासू कारस्थान रचते, सून सोसते, आणि नायक? तो कचेरीत जातो आणि परत येतो. आईचे बोलणे त्याला का पटते, बायकोवरचा विश्वास एका रात्रीत का उडतो, याची चौकशीच नाही. यात अन्याय केवळ सुनेवर होत नाही; त्या पुरुषालाही मन आहे हे कोणी धरीतच नाही.

आज रात्री भांडणाचा प्रसंग लागला की बोलणारीकडे पाहू नका. जो गप्प उभा आहे त्याच्याकडे पाहा, आणि लेखकाने त्याला काही काम दिले आहे का, ते तपासा.