पेज आणि पिट्ट्या



बेंगळूरच्या ह्या सभेत आपण मला अनुवादातील अडचणींविषयी बोलावयास सांगितले आहे. मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. 'ग्रुएलिंग' हे ते इंग्रजी विशेषण. प्रवास, परीक्षा, उलटतपासणी किंवा एखादा सामना माणसाची सारी शक्ती शोषून घेतो, तेव्हा इंग्रजी लेखक हा शब्द योजतात. नुसत्या अवघड गोष्टीला तो शोभत नाही. कोडे अवघड असू शकते. ह्या विशेषणाला मात्र दीर्घकाळची झीज लागते.

'ग्रुएल' म्हणजे पातळ पेज. 'आपली पेज मिळणे' ह्याचा अर्थ जुन्या इंग्रजी बोलीत शिक्षा भोगणे असा झाला आणि एकोणिसाव्या शतकात त्यातून हे विशेषण रूढ झाले. आपल्याकडे पेज ही शिक्षा नव्हे. आजारातून उठणाऱ्याला ती देतात. येथील कन्नड घरांत तिला गंजी म्हणतात. १८७७ च्या भीषण दुष्काळात ह्याच शहरात भुकेल्यांसाठी अन्नछत्रे उघडावी लागली होती. तेव्हा मूळ धात्वर्थाच्या मागे लागून मराठी शब्द सापडणार नव्हता.

महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळावरील एका इंग्रजी पुस्तकाचा मी अनुवाद करीत होते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्यांच्या खडी फोडण्याच्या कामाला लेखकाने हेच विशेषण लावले होते. मी 'खडतर' असे लिहिले आणि ते पान आईला वाचून दाखविले. तिने सतराव्या वर्षी खडी फोडली होती. ती म्हणाली, "खडतर तप असतं, बाई. आमचा नुसता पिट्ट्या पडायचा."

मी निरुत्तर झाले. 'खडतर' म्हणताच कष्टांना व्रताचे पुण्य चिकटते. 'जीवघेणे' म्हटले की मरण डोकावते. 'दमछाक' क्षणभर थांबल्याने ओसरते. आईच्या शब्दात कुटले जाणे आहे, आणि मार खाण्याचा तो अर्थ इंग्रजी शब्दाच्या पोटातही आहे.

ग्रांथिक गद्यात हा बोलीतील शब्द खटकेल, अशी शंका मला आली होती. तरीही 'पिट्ट्या पाडणारे काम' असेच मी ठेवले. ज्यांनी ते काम केले, त्यांना ते वाक्य आपले वाटावे, एवढीच माझी इच्छा होती.