छातीची कळ थांबली, पण तपासणी राहिली



आमच्या बचत गटातल्या एका ताईंना बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात छातीत कळ आली. वय 32. घरच्यांना वाटलं, पित्त असेल. ओवा दिला, शेक दिला. दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. निघाला हृदयविकाराचा झटका. ना मधुमेह, ना रक्तदाब, ना मिशरी. मग झटका आला कसा?

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. पाण्याच्या पाइपाचा आतला पापुद्रा सुटला की पाणी अडतं ना, तसंच हृदयाच्या रक्तवाहिनीचं होतं. भिंतीचे थर सुटतात, मध्ये रक्त साठतं, वाट बंद होते. याला ‘स्कॅड’ म्हणतात. चरबीच्या गाठीशी याचा संबंध नाही. असे रुग्ण बहुतेक बायकाच असतात, त्यातही तरुण आणि मध्यम वयाच्या. बऱ्याचदा ही भेग औषधं आणि विश्रांतीवर आपोआप भरून येते.

ताई घरी आल्या. कागदावर लिहिलं होतं: डोक्यापासून ओटीपोटापर्यंत रक्तवाहिन्यांची सी.टी. अँजिओग्राफी करावी. घरचे म्हणाले, “आता बरी आहे, कशाला खर्च?” आम्हालाही आधी तसंच वाटलं. म्हणून पुन्हा डॉक्टरांना विचारलं.

ते म्हणाले, हृदयाची वाहिनी नाजूक निघाली, तर मान, मेंदू, मूत्रपिंड इथल्या वाहिन्याही नाजूक असू शकतात. कुठे वाहिनी मण्यांच्या माळेसारखी दिसते, कुठे फुगा आलेला असतो. वरून काही कळत नाही. फुगा वेळीच दिसला तर उपाय करता येतो, फुटला तर जीवावर बेततं. म्हणूनच स्कॅडच्या रुग्णाची ही तपासणी एकदा तरी करावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2018 मध्ये सांगितलं आहे.

गटातून कर्ज दिलं, तपासणी झाली. ताईंच्या मूत्रपिंडाची एक वाहिनी मण्यांसारखी निघाली. ऑपरेशन लागलं नाही. पण रक्तदाब नेमाने मोजायचा, औषध चुकवायचं नाही, हे ठरलं. पुन्हा दिवस राहू देण्याआधी आणि गर्भनिरोधक गोळी घेण्याआधीही डॉक्टरांना विचारायचं.

मैत्रिणींनो, एवढं ध्यानात ठेवा. छातीत कळ, दम, घाम असं झालं तर वय बघू नका, बाळंतीण असली तरी थांबू नका. 108 ला फोन करा. स्कॅड झालं असेल तर बाकीच्या वाहिन्यांची तपासणी कधी करायची, हे सुट्टी मिळतानाच विचारा. तपासणीआधी मूत्रपिंडाचा आजार, औषधाची ॲलर्जी, दिवस गेले असतील तर तेही सांगा. खर्चासाठी योजनेतून काही मिळेल का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. अचानक असह्य डोकेदुखी, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं, असं झालं तर लगेच दवाखाना गाठा. कानात नाडीसारखी धडधड ऐकू येत असेल तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला.

ताईंचं बाळ आता रांगतंय. रिपोर्टची फाइल कपाटात, लसीकरणाच्या कार्डाशेजारी ठेवली आहे. तुमच्या घरातही अशी फाइल जपून ठेवा.