फोटो छापायला देण्याआधी

दिवाळी जवळ आली की आपल्या गटांची लेबलं आणि फ्लेक्स छापायची घाई उडते, म्हणून आज फोटोविषयी बोलते. चूक माझ्याच हातून झालेली आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

गेल्या वर्षी आमच्या एका गटानं प्रदर्शनात कांदा-लसूण मसाल्याचा स्टॉल लावला. मागे लावायला सहा फूट रुंद फ्लेक्स हवा होता. फोटो मीच काढला. मधोमध बसल्या होत्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी. मसाल्याचं प्रमाण त्यांचंच, आम्ही फक्त कांडतो. माझ्या फोनमध्ये चेहरा गोरा-गुळगुळीत करायची सोय चालूच होती, ते माझ्या ध्यानात आलं नाही. वर मी तो फोटो आणखी उजळला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून छापणाऱ्याला धाडून दिला.

फ्लेक्स उलगडला तर सगळ्याजणी पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्याफटक. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, ही कोण गं? माझं गोंदण कुठं गेलं?" कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण फोननं डाग समजून पुसलं होतं. त्यांच्या आईनं जत्रेत मांडीवर घेऊन गोंदवलेलं ते. मूळ फोटो शिल्लक नव्हता, कारण सगळे बदल मी त्याच फोटोवर केले होते. प्रदर्शनाचे तिन्ही दिवस मावशी त्या फ्लेक्सकडे पाठ करून बसल्या. पैसे गटाच्या खात्यातून गेले ते वेगळंच.

तर पहिली गोष्ट, फोटो काढण्याआधी कॅमेऱ्यातली ब्युटी नावाची सोय बंद करा आणि काच पदरानं पुसून घ्या. आपले हात तेलकट, पिठाचे असतात, निम्मे फोटो त्यानंच धुरकट येतात. उजेड सकाळचा घ्या, पण ऊन थेट तोंडावर नको. ओट्यावर सावलीत बसवा. ट्यूबलाइटखाली हळद आणि मिरची दोन्हींचा रंग बिघडतो. लांबून झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा.

आता तो फ्लेक्स धूसर का आला, ते सांगते. फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. हातात धरून बघायचा फोटो स्वच्छ यायला एका इंचात साधारण ३०० ठिपके लागतात. म्हणजे ४ बाय ६ इंचाच्या फोटोला १२०० बाय १८००, आणि तीन इंच रुंद लेबलाला ९००. बऱ्याच फोनचा मूळ फोटो ४००० ठिपके रुंद असतो, म्हणजे भरपूर. पण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो आकसून साधारण १६०० वर येतो. सहा फूट म्हणजे ७२ इंच. १६०० ठिपके ७२ इंचांवर पसरले तर इंचाला जेमतेम २२ पडतात. मग चेहऱ्याचे चौकोनी तुकडे दिसणारच. फ्लेक्स लांबून बघतात, त्याला ३०० लागत नाहीत, पण २२ म्हणजे फारच थोडे. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर केबल घेऊन स्वतः दुकानात जा. मी दुकानातच जाते. डोळ्यांसमोर काम होतं.

फोटोवर हात फिरवायचा तर आधी त्याची प्रत काढून ठेवा आणि त्या प्रतीवरच काम करा. स्नॅपसीडसारखं फुकट ॲप पुरतं. वाकडा फोटो सरळ करा, अंधार थोडा कमी करा, मागची दोरीवरची कपडे दिसत असतील तर कापा. कडेला मात्र जागा सोडा. फोनचा फोटो आणि ४ बाय ६ चा कागद यांचा आकार जुळत नाही, छापताना वरखाली कापलं जातं आणि उभ्या बाईचा अंबाडा जातो.

चेहऱ्यावर माशी बसली असेल, धुळीचा ठिपका असेल तर पुसा. तीळ, गोंदण, सुरकुती पुसू नका. मसाल्याचंही तसंच. लाल रंग ओढून वाढवला तर पाकीट फोडल्यावर गिऱ्हाईक विचारणारच, की बाहेर लालभडक आणि आत काळपट कसा? त्याला काय सांगणार?

आणखी एक. फोनचा पडदा आतून उजळलेला असतो, कागद नसतो. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून फोटो बरा वाटला तर कागदावर तो काळवंडतो. उजेड निम्म्यावर आणून बघा. छापखान्याची शाई चारच रंगांची, त्यामुळे चटक हिरवा-केशरी थोडा मंद येतोच. म्हणून हजार लेबलं सांगण्याआधी त्याच कागदावर एक नमुना काढून घ्या, दारात उन्हात धरून मसाल्याशेजारी ठेवून बघा. आणि ज्यांचा चेहरा छापायचा, त्यांना तो नमुना आधी दाखवा. त्यांनी हो म्हटलं तरच पुढे.

मावशींचा फोटो आम्ही पुन्हा काढला, सकाळी, त्यांच्याच ओट्यावर. एक प्रत त्यांनी घरी नेली आणि देवळीशेजारी लावली. लेबलावर आता तोच फोटो आहे, गोंदणासकट.

ज्या गटांना लेबल करायचंय, त्यांनी मंगळवारच्या बैठकीला फोन चार्ज करून आणा. केबलही आणा, माझी एकच आहे. नमस्कार.